डिफ्रॅग सगळ्यात शेवटी

पोरी, विंडोज ९८चं जुनं मशीन समोर आलं आणि मालक म्हणाला, "फार स्लो चालतंय, डिफ्रॅग मारून द्या," तर लगेच माउसला हात लावू नकोस. आधी कॅबिनेटला कान लाव. डिस्क एकसारखी घरघरत असेल तर ठीक. टकटक करून थांबत असेल, थांबून पुन्हा सुरू होत असेल, किंवा साधी फाइल उघडतानाही दिवा लागून राहत असेल, तर मशीन बंद कर आणि त्यावर दुसरं काहीही चालवू नकोस. डिफ्रॅग म्हणजे डिस्कवरच्या जवळपास प्रत्येक फाइलला उचलून दुसरीकडे नेऊन ठेवणं. शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्ककडून एवढं काम करून घेतलं तर ती त्या कामातच जाते, आणि जाताना अर्धवट हललेल्या फायली घेऊन जाते.

म्हणून पहिलं काम बॅकअपचं, डिस्क ठणठणीत असली तरीही. डिस्क काढ, जंपर मास्टरवर आहे ना ते बघ, आयडीई-टू-यूएसबी अडॅप्टरला लाव आणि लिनक्सच्या मशीनवर डीडीरेस्क्यू वापरून पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत तिची इमेज काढ. त्या काळच्या डिस्क दोन, चार, आठ, फार तर वीस जीबीच्या. आजच्या पेनड्राइव्हवर अख्खी डिस्क मावते. डीडीरेस्क्यू नीट वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडणारे सेक्टर मागे ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे पुन्हा वळतं. आजारी डिस्कला हेच मानवतं. ती डिस्क तुझ्या रोजच्या विंडोजच्या लॅपटॉपला जोडून फायली ओढून घ्यायच्या नादी लागू नकोस. नवं विंडोज जोडल्याजोडल्या त्या डिस्कवर स्वतःचं काहीबाही लिहायला लागतं, आणि आपल्याला तर तिच्यावर एक बाइटसुद्धा लिहायची नाहीये.

आणि मालकाला "हे भंगारात द्या, नवीन घ्या" असं सांगू नकोस. विंडोज ९८चा आधार मायक्रोसॉफ्टने ११ जुलै २००६ला बंद केला हे त्यालाही कुणीतरी सांगितलेलं असतं. तरी ते मशीन चालू आहे, कारण त्याच्या पाठीमागे लेथचा कंट्रोलर आहे, किंवा वजनकाटा, किंवा प्रयोगशाळेतलं एखादं उपकरण. त्याचं कार्ड आयएसए स्लॉटमध्ये बसतं आणि त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर उघडतच नाही. संगणक पाच हजारांचा, त्याला जोडलेलं यंत्र लाखांचं. त्या माणसाला मशीन चालतं ठेवून हवंय. तेवढं आपण नीट करून द्यायचं.

आता डिस्कवर जागा दिली कशी जाते ते मनात पक्कं बसव, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डॉस आणि विंडोज ९८ फाइलला जागा देतात ती क्लस्टरच्या मापाने. क्लस्टर म्हणजे काही सेक्टरांचा एक गट. फाइल एक अक्षराची असली तरी तिला पूर्ण क्लस्टर मिळतो, आणि त्यातला उरलेला भाग दुसऱ्या कुठल्याही फाइलला वापरता येत नाही. कुठला क्लस्टर कुणाचा, याचा हिशोब डिस्कच्या सुरुवातीला फॅट नावाच्या तक्त्यात असतो. फोल्डरमध्ये फाइलच्या नावापुढे फक्त तिच्या पहिल्या क्लस्टरचा क्रमांक लिहिलेला असतो. त्या क्रमांकाच्या रकान्यात दुसऱ्या क्लस्टरचा क्रमांक, दुसऱ्याच्या रकान्यात तिसऱ्याचा, अशी साखळी शेवटच्या खुणेपर्यंत जाते. रकान्यात शून्य असेल तर तो क्लस्टर रिकामा. या तक्त्याच्या दोन प्रती डिस्कवर शेजारीशेजारी असतात.

फॅट१६मध्ये एका पार्टिशनवर सुमारे ६५ हजार क्लस्टरच मावतात. म्हणून पार्टिशन मोठं केलं की क्लस्टरही मोठा होतो. २५६ एमबीपर्यंत ४ केबी, ५१२ एमबीपर्यंत ८, एक जीबीपर्यंत १६ आणि दोन जीबीपर्यंत ३२ केबी. तिथे डॉसची हद्द संपते. हे आकडे पाठ कर. एखाद्या ऑफिसात दोन-दोन केबीची पाच हजार पत्रं दोन जीबीच्या पार्टिशनवर असतील, तर खरा मजकूर दहा एमबीचा आणि अडवलेली जागा जवळजवळ १६० एमबी. मालक म्हणतो, "एवढीशी पत्रं, डिस्क भरली कशी?" तर ती अशी भरली. डिफ्रॅग कितीही वेळा चालवलंस तरी यातली एक केबीही परत मिळत नाही, कारण वाया गेलेली जागा प्रत्येक फाइलच्या शेवटच्या क्लस्टरच्या पोटात आहे. ती दोनच मार्गांनी सुटते. एक, जुन्या वर्षांच्या पत्रांची वर्षवार एकेक झिप फाइल करायची. दुसरा, पार्टिशन लहान करायचं. दोन जीबीची डिस्क ५१२ एमबीच्या आतल्या चार भागांत वाटली तर क्लस्टर ३२ केबीवरून ८ केबीवर येतो.

फॅट३२ विंडोज ९५च्या दुसऱ्या ओईएम आवृत्तीत, १९९६ साली आलं. त्यात ८ जीबीपर्यंतच्या पार्टिशनला ४ केबीचा क्लस्टर पुरतो. विंडोज ९८मध्ये फॅट१६चं फॅट३२ करून देणारा ड्राइव्ह कन्व्हर्टरही आहे. पण तो मार्ग एकतर्फी आहे. त्या मशीनवर यंत्राचं सॉफ्टवेअर डॉस ६.२२मधून बूट होत असेल तर कन्व्हर्टरला हात लावू नकोस. डॉस ६.२२ला फॅट३२ दिसतच नाही, आणि सकाळी यंत्र बंद पडलेलं असेल.

क्लस्टरचं माप बघायचं तर डॉसमध्ये चेकडिस्क नुसतं चालव. एका अलोकेशन युनिटमध्ये किती बाइट, एकूण युनिट किती, रिकामी किती, हे ते शेवटी सांगतं. विंडोज ९८मध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये खरा आकार आणि अडवलेला आकार दोन्ही दिसतात. मी तर म्हणेन, मशीन हातात घेतल्यावर हे दोन आकडे वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊच नये.

आता तुकड्यांकडे येऊ. फाइल पुढे किती मोठी होणार आहे हे डॉसला कधीच माहीत नसतं. एक क्लस्टर भरला की तो पुढचा रिकामा शोधतो आणि देतो. फॉक्सप्रोचं बिलिंग चालू आहे असं समज. बिलाची डीबीएफ थोडी वाढली, तिला एक क्लस्टर मिळाला. मग तिची इंडेक्स वाढली, तिला त्याच्या शेजारचा. मग स्टॉकची फाइल, मग तिची इंडेक्स, मध्येच एक टेंप फाइल. पुन्हा बिलाची पाळी आली तेव्हा शेजारच्या जागा गेलेल्या. दिवसभरात हे शेकडो वेळा होतं. लग्नाच्या पंगतीत एकाच घरातली माणसं एकेक करून येतात आणि जिथे पाट रिकामा तिथे बसतात, तसं. मग त्या घराला आहेर द्यायचा झाला की सगळा मांडव फिरावा लागतो.

हे फिरणं किती महाग पडतं त्याचा हिशोब सोपा आहे. त्या काळची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घ्यायची, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. हेड एका ट्रॅकवरून दुसरीकडे न्यायला आणखी दहाएक. एका उडीला पंधरा मिलिसेकंद धर. आठ एमबीची डीबीएफ, चार केबीचे क्लस्टर, आणि प्रत्येक क्लस्टर वेगळ्या ठिकाणी असेल तर दोन हजारांवर उड्या, म्हणजे अर्धा मिनिट. तीच फाइल सलग असेल तर दोनेक सेकंदांत वाचून होते. रिपोर्ट निघायला एवढा वेळ का लागतो याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

पण मग खरं औषध काय, ते नीट बघ. फाइल वाढते म्हणून तुकडे होतात, आणि रिकामी जागा सलग उरत नाही म्हणून ते जास्त होतात. या दोन गोष्टी सांभाळल्या तर डिफ्रॅगची गरज वर्षातून एखाद्या वेळीच पडते. न सांभाळता दर शनिवारी डिफ्रॅग लावणारे लोक असतात. मंगळवारी डिस्क होती तशी होते. माझं म्हणणं एवढंच आहे की कारण आधी बंद कर.

सगळ्यात जास्त वाढणारी आणि आक्रसणारी फाइल विंडोजची स्वतःची आहे, ती म्हणजे स्वॅप फाइल. विंडोज ९८ तिला सतत लहानमोठी करत राहतं आणि तेवढ्या जागेत बाकीच्यांचे तुकडे पडत राहतात. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर व्हर्च्युअल मेमरी उघड, आकार आपण ठरवायचा पर्याय घे, आणि कमीत कमी व जास्तीत जास्त या दोन्ही रकान्यांत एकच आकडा भर. ६४ एमबी रॅम असेल तर दीडशे-दोनशे एमबी पुष्कळ झाले. मात्र हे डिफ्रॅगच्या नंतर कर, म्हणजे तिला सलग जागा मिळेल. दुसरं पार्टिशन असेल तर डिफ्रॅगपुरती तिला तिकडे पाठव, सी ड्राइव्ह साफ कर, मग कायमच्या जागी आण. विंडोज ३.१ भेटलं तर तिथली कायमची स्वॅप फाइल सलग जागाच मागते. जेवढा सलग तुकडा रिकामा, तेवढीच ती होते. तिथे डिफ्रॅग आधी केल्यावाचून गत्यंतर नाही.

नंतर टेंप. लाइट गेली, मशीन हँग झालं, कुणी स्विच दाबून बंद केलं, की चालू प्रोग्रामांच्या टेंप फायली तशाच पडून राहतात. मशीन नुकतं सुरू केलेलं असताना, दुसरं काही उघडायच्या आत, आजच्या आधीच्या तारखेच्या टेंप फायली काढून टाक. प्रिंटरच्या स्पूल फोल्डरमध्येही अडकलेले जॉब असतात, तेही बघ. रिसायकल बिन तर मूळ सेटिंगला डिस्कचा दहा टक्के भाग घेऊन बसतं. लहान डिस्कवर ते दोन-तीन टक्क्यांवर आण.

छपाईच्या दुकानात जायची वेळ आली तर वेगळंच दिसेल. दिवाळी अंकाची पानं लावताना पेजमेकरच्या फायली नुसत्या फुगलेल्या असतात. पेजमेकरमध्ये सेव्ह केलं की बदल फाइलच्या शेवटी जोडले जातात आणि जुनं आत तसंच राहतं. सेव्ह अ‍ॅज करून त्याच नावाने लिहिलं की फाइल नव्याने लिहिली जाते आणि चांगली लहान होते. ऑपरेटरला सांग, अंक छपाईला जाण्याआधी आणि दर दिवसाच्या शेवटी सेव्ह अ‍ॅज. वर्डमध्ये फास्ट सेव्ह नावाची खूण असते, ती काढून टाक; तीही फाइल अशीच फुगवते. कोरलड्रॉ प्रत्येक चित्राची बॅकअप प्रत ठेवतं. अंक बाहेर पडल्यावर त्या प्रती हलवायला हरकत नाही, पण मालकाला विचारून. छापखान्यातल्या जुन्या फायली म्हणजे त्याचं भांडवल असतं. पुढच्या वर्षी तीच लग्नपत्रिका नाव बदलून निघते.

फॉक्सप्रोत डिलीट केलेली नोंद जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते. पॅक केल्याशिवाय जागा सुटत नाही. मेमो फील्ड असतील तर एफपीटी फाइलचंही तेच: मजकूर वाढवला की तो नव्या जागी लिहिला जातो आणि जुनी जागा आतल्या आत पडून राहते. वर्षअखेरीला पॅक कर, इंडेक्स नव्याने बांध. पॅक करताना फॉक्सप्रो अख्खी फाइल नव्याने लिहितं, म्हणून तेवढी मोकळी जागा आधी लागते, आणि रिकामी जागा सलग असेल तर फाइलचे तुकडेही त्याच फटक्यात कमी होतात. पण पॅकच्या आधी डीबीएफ, एफपीटी आणि इंडेक्स तिन्हींची प्रत बाजूला ठेव. खूण केलेली नोंद रिकॉलने परत येते. पॅक झाल्यावर ती कायमची गेली. हिशोब लिहिणारा माणूस मार्चमध्ये डिलीट करतो आणि मेमध्ये विचारतो, हे ध्यानात ठेव.

एका गोष्टीकडे फारसं कुणी बघत नाही, ती म्हणजे फोल्डर. फॅटमधलं फोल्डर हीसुद्धा एक फाइलच असते आणि तीही क्लस्टर-क्लस्टरने वाढते, तिचेही तुकडे होतात. एका नावाला ३२ बाइट लागतात. लांब नाव असेल तर दर तेरा अक्षरांना आणखी एक नोंद. फायली काढल्या तरी फोल्डर लहान होत नाही. त्या नोंदी मेलेल्या म्हणून राहतात आणि डॉस प्रत्येक वेळी पहिल्यापासून शोधत जातो. एखाद्या यंत्राने रोज शंभर-दोनशे लहान फायली एकाच फोल्डरमध्ये टाकल्या असतील, तर त्यातल्या बहुतेक काढल्यावरही ते फोल्डर उघडायला वेळ घेतं. उपाय साधा आहे: नवं फोल्डर बनव, जगलेल्या फायली त्यात हलव, जुनं काढून टाक, नव्याला जुन्याचं नाव दे. फॅट१६च्या मूळ डिरेक्टरीची अडचण आणखी वेगळी. तिथे ५१२ नोंदींचीच जागा असते. कुणी सगळं सी ड्राइव्हच्या तोंडावरच, लांबलचक नावांनी ठेवलं असेल, तर डिस्क अर्धी रिकामी असूनही नवी फाइल बनत नाही आणि माणूस डिस्क खराब झाली म्हणून घाबरतो. फायली फोल्डरांत हलवल्या की काम होतं.

आता स्कॅनडिस्क. हा टप्पा कधीही ओलांडू नकोस. साखळीत गाठ असेल आणि त्यावर डिफ्रॅग चाललं, तर चूक दोन्ही फायलींत मुरते. डॉसमध्ये चेकडिस्क आधी स्लॅश एफ न लावता चालव. तसं केलं की ते नुसतं सांगतं, काही बदलत नाही. दोन फायलींच्या साखळ्या एकाच क्लस्टरवर मिळालेल्या दिसल्या, तर त्या दोन्ही आधी दुसऱ्या ठिकाणी कॉपी कर, मूळच्या काढ, मग दुरुस्ती कर. त्यातली एक तरी नीट वाचते.

हरवलेले क्लस्टर दिसले तर ते कचरा समजून पुसू नकोस. लाइट गेली तेव्हा फॉक्सप्रो उघडं होतं का, विचार. डॉस फाइलची लांबी फोल्डरमध्ये लिहितो ती फाइल बंद होताना. नोंदी भरल्या, क्लस्टर घेतले गेले, पण फाइल बंद व्हायच्या आत वीज गेली, तर फोल्डरला त्या नव्या भागाचा पत्ता नसतो. तोच भाग हरवलेले क्लस्टर म्हणून पुढे येतो. त्यांच्या फाइल०००० डॉट सीएचके अशा फायली करू दे आणि प्रत्येक उघडून बघ. गिऱ्हाइकाची दुपारची सगळी बिलं त्यात सापडू शकतात. भारनियमनाच्या वर्षांत या फायलींनी कितीतरी दुकानदारांचे दिवस वाचवले आहेत.

याच जागी स्मार्टड्राइव्हची गोष्ट सांगतो. डॉसची ही कॅश लिहायचा मजकूर थोडा वेळ मेमरीत धरून ठेवते. स्क्रीनवर प्रॉम्प्ट आला म्हणजे डिस्कवर लिहून झालं असं नाही. डॉस ६.०मध्ये हे जास्त बोचायचं, ६.२मध्ये सुधारलं. जुन्या डॉसवर मशीन बंद करण्याआधी स्मार्टड्राइव्ह स्लॅश सी देऊन कॅश रिकामी कर आणि डिस्कचा दिवा विझू दे.

एवढं सगळं झाल्यावर डिफ्रॅग. चांगला यूपीएस लाव, आणि त्याची बॅटरी खरोखर किती वेळ टिकते ते आधी लाइट काढून बघ. नुसता हिरवा दिवा बघून विश्वास ठेवू नकोस. मालकाला विचार, "गेल्या काही दिवसांत एखादी फाइल चुकून काढली गेली का?" फाइल काढली की नावाचं पहिलं अक्षर बदलून खूण होते आणि साखळीचे रकाने शून्य होतात, मजकूर जागेवरच असतो. पहिल्या क्लस्टरचा क्रमांक आणि लांबी ठाऊक असते, म्हणून फाइल सलग असली तर ती परत उभी करता येते. डिफ्रॅग चालवलं की त्या जागी दुसरं काही येऊन बसतं. आधी ती फाइल सोडव.

विंडोज ९८मध्ये डिफ्रॅग थोडं पुढे जातं आणि डिस्कवर बदल झाला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, ही तक्रार सर्रास ऐकशील. मागे काहीतरी लिहीत असतं, म्हणून असं होतं. बूट होताना एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जा, स्क्रीनसेव्हर बंद कर, नेटवर्कची केबल काढ. तिथे ते एका बैठकीत पूर्ण होतं.

डॉसचं स्वतःचं डिफ्रॅग १९९३ साली डॉस ६.०बरोबर आलं, ते सिमँटेककडून, नॉर्टनच्या घरातून घेतलेलं होतं. चांगलं आहे. पण ते विंडोज ९५ किंवा ९८च्या डिस्कवर चालवू नकोस, कारण त्याला लांब नावं कळत नाहीत आणि ती मोडतात. लपवलेल्या फायली हलवायचा स्लॅश एच हा पर्यायही देऊ नकोस. त्या काळी काही पॅकेजं आपल्या परवान्याची फाइल डिस्कच्या ठरावीक जागी लपवून ठेवत. ती हलली की पॅकेज स्वतःला चोरीची प्रत समजतं आणि बंद पडतं, आणि आज नवा परवाना देणारं कुणी उरलेलं नसतं. घाई असेल तर स्लॅश यू वापर. ते फायली सलग करतं आणि मधल्या रिकाम्या जागा तशाच सोडतं.

एखाद्या डिस्कवर डीआरव्हीस्पेस डॉट ००० किंवा डीबीएलस्पेस डॉट ००० नावाची भली मोठी लपलेली फाइल दिसली, तर तिच्याकडे अनावश्यक म्हणून बघू नकोस. ती एक संपूर्ण दाबून बसवलेली ड्राइव्ह आहे. ती काढली की मालकाचं सगळं गेलं.

एकाच मोठ्या फाइलसाठी सगळ्या डिस्कचं डिफ्रॅग करायची गरज नसते. डॉसमध्ये चेकडिस्कला फाइलचं नाव दिलं की ती किती तुकड्यांत आहे ते कळतं. ती दुसऱ्या पार्टिशनवर कॉपी कर, प्रत उघडून तपास, मूळची काढ, परत आण. सलग जागा मोकळी असेल तर ती सलग बसते. अख्ख्या पार्टिशनचं हेच करता येतं: सगळ्या फायली बाहेर, फॉरमॅट, सगळ्या आत. फार भरलेल्या डिस्कवर मला हाच मार्ग डिफ्रॅगपेक्षा सुरक्षित वाटतो, कारण मूळ मजकूर पूर्ण वेळ दुसऱ्या ठिकाणी जिवंत असतो. दोन गोष्टी मात्र सांभाळ. विंडोज ९८च्या फायलींची कॉपी विंडोजच्या आतूनच घे; नुसत्या डॉसमधून घेतलीस तर लांब नावं जातात. आणि इमेज म्हणजे ही कॉपी नव्हे. सेक्टर-सेक्टरने घेतलेल्या इमेजमध्ये तुकडे जसेच्या तसे येतात.

जागा किती मोकळी ठेवायची? मी पाचवा हिस्सा सांगतो. एक्सपीच्या डिफ्रॅगला पंधरा टक्के मोकळी जागा लागते, तिथे त्याहून थोडी जास्त ठेवलेली बरी. फॉक्सप्रोच्या मशीनवर सर्वांत मोठ्या डीबीएफच्या दुप्पट जागा कधीही कमी होऊ देऊ नकोस. विंडोज आणि प्रोग्राम सी ड्राइव्हवर, रोज वाढणाऱ्या फायली डी ड्राइव्हवर, एवढी वाटणी केली तरी पुष्कळ भांडण मिटतं: डी ड्राइव्ह तुकड्यांत गेली तरी विंडोजला झळ लागत नाही, आणि बॅकअप काय घ्यायचा हे नवख्या माणसालाही कळतं.

फिरणाऱ्या डिस्कचं आयुष्य संपत आलं असेल तर तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लाव. ते आयडीईच्याच भाषेत बोलतं, साध्या अडॅप्टरवर बसतं आणि डॉसला डिस्कच वाटतं. कारखान्यासाठी बनवलेलं औद्योगिक कार्ड घे, कॅमेऱ्यातलं जुनं काढून लावू नकोस. जुन्या बायॉसला ५०४ एमबी किंवा ८.४ जीबीच्या पलीकडचं दिसत नसेल, तर कार्ड त्या मापात बसणारं निवड. कार्डाला हेड नाही, फेरा नाही. तुकड्यांमुळे वाचायला उशीर होत नाही. म्हणून कार्डावर डिफ्रॅग चालवायचं नाही. फायदा काही नाही आणि लिहिण्याच्या फेऱ्या फुकट खर्च होतात. क्लस्टरचं माप, फुगलेल्या फायली, मेलेल्या नोंदींची फोल्डरं ही दुखणी मात्र कार्डावरही तशीच राहतात, तेव्हा बाकीची निगा सोडू नकोस.

काम झालं की एका कागदावर पार्टिशनचे आकार, क्लस्टरचं माप, स्वॅपचा आकडा, डिस्कचे बायॉसमधले आकडे आणि इमेज काढल्याची तारीख लिही आणि तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटव. त्या मशीनची सीमॉसची बॅटरी कधी ना कधी संपणार, आणि त्या दिवशी डिस्कचे आकडे कुणालाच आठवणार नाहीत. इमेजच्या दोन प्रती मालकाच्या हातात दे. एक दुकानात राहू दे, दुसरी त्याच्या घरी.